वहिनी घाबरतात म्हणून

गॅरेजात बाई एकटी गेली तर मिस्त्री तिच्याशी बोलत नाही. म्हणजे तोंड शिवून बसतो असं नाही. स्टूल पुसून देतो, चहा मागवतो, "सावलीत बसा बाई" म्हणतो. पण गाडीचं बोलत नाही. गाडीचं बोलायला त्याला पुरुष लागतो. कोणताही चालतो. त्याला गाडी आली पाहिजे, असंही नाही.

माझ्यासाठी हा पुरुष म्हणजे माझे दीर वामनराव. एका सरकारी कचेरीत कारकून. त्यांना सायकल येते, पण उतार लागला की तीही उतरून हातात धरून नेतात. तरी गाडीला काही झालं की मी त्यांच्या सुट्टीची वाट बघायची. त्यांना शेजारी बसवायचं, गाडी मीच चालवत गांधीबागेच्या मागच्या बोळात चंपत मिस्त्रीकडे न्यायची. तिथं बॉनेट उघडून मिस्त्री विचारणार, "काय तरास आहे, वामनभाऊ?"

वामनराव माझ्याकडे बघणार. मी सांगणार. मिस्त्री माझं ऐकून त्याचं उत्तर वामनरावांना देणार. आणि वामनराव मान हलवणार, "बरोबर आहे, बरोबर आहे." काय बरोबर आहे ते त्यांच्या बापालाही कळलेलं नसायचं.

ही गाडी म्हणजे चौसष्ट सालची फियाट. माझे यजमान रुपराव यांनी ती जुनीच घेतली होती. मस्कासाथेत आमचं घर आणि घराखाली गाळा. गाळ्यात मी मसाला कुटून घ्यायची, आणि रुपराव तो इतवारीच्या किराणा दुकानांत आणि खापरखेड्याच्या पॉवर हाऊसच्या कॉलनीत पोचवायचे. मला गाडी त्यांनीच शिकवली, कस्तुरचंद पार्कच्या मैदानावर. क्रिकेट खेळणारी पोरं खेळ सोडून बघायला यायची. रुपराव म्हणायचे, "त्याहिले पाहू दे गोपिका, तू समोर पाह्य." ते गेले. तेरावं झालं आणि पुढच्या सोमवारी मी डबे भरून गाडी काढली. गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. बाप्ये मागे उभे राहिले, पण पाहत तेच जास्त होते.

ही गाडी मला फिरायला नको होती, हे आधीच सांगून ठेवते. गाडी होती म्हणून दुकानदार माझ्याशी बोलायचे. माल कसा आहे, पुढच्या वेळी तिखट किती पाहिजे, हे मला विचारायचे. गाडी गेली असती तर वामनरावांनी कुणाचा तरी टेम्पो लावला असता, दुकानदार वामनरावांशी बोलले असते आणि मी गाळ्यात बसून मिरच्यांची देठं खुडत राहिले असते. धंदा म्हणायला माझाच. शिंकायला मी, बोलायला ते.

तर झालं असं. दिवाळीनंतर गाडीचा डायनॅमो जळाला. चालत्या इंजिनावर वीज करून बॅटरी भरणारं ते यंत्र. चंपत मिस्त्रीनं तो काढून त्याच कामाचा, एका नव्या गाडीचा अल्टरनेटर बसवला. "वामनभाऊ, हे नव्या जमान्याचं सामान आहे. आता दहा वर्षं पाहू नका." दहा वर्षं जाऊ द्या, संक्रांतीच्या आतच चालत्या गाडीत स्टिअरिंगसमोरच्या पाटीवरचा चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मी वामनरावांना घेऊन गेले. मिस्त्रीनं अल्टरनेटर फिरवणारा पट्टा ताणला. पुन्हा लुकलुकला. पुन्हा गेले. तेव्हा मिस्त्री मला बाहेर स्टुलावर बसवून आत काहीतरी करत राहिला. वामनराव त्याच्याशी हळू आवाजात बोलत होते. मग दोघं हसत बाहेर आले.

"झालं बाई. आता नाही लागणार दिवा," मिस्त्री म्हणाला.

"काय झालं होतं?"

"काही नाही वं... बाई, बारीकसं काम होतं." आणि वामनरावांकडे बघून, "दिवा लागला तरच फिकर करा. नाही लागला तर समजा सगळं ठीक."

दिवा खरंच लागला नाही. त्यानंतर कधीच लागला नाही. आणि त्यानंतर बॅटरी उतरायला लागली.

पहिल्यांदा इतवारीत, धान्याच्या दुकानांच्या ओळीत. गाडी बंद करून मी डबा उतरवला, परत किल्ली फिरवली तर नुसतं कट् वाजलं. मागे हातठेले, पुढे बैलगाडी. हमालांनी ढकलत कडेला नेली. एकजण म्हणाला, "बाई, घरी जा नं, साहेबाले पाठवा." मी म्हटलं, "साहेब वर गेले आहेत, तू जातो का आणायला?" बाकीचे हसले, पण ते त्याला नाही, मला हसले.

मिस्त्रीनं बॅटरी तपासली आणि वामनरावांना निदान सांगितलं, "वामनभाऊ, गाडीत काही दोष नाही. बाई हळू चालवतात. घडीघडी बंद करतात. चार्जिंग कुठून होईल?"

मी म्हटलं, "डायनॅमो होता तेव्हाही मी अशीच चालवत होते. तेव्हा कशी होत होती?"

मिस्त्री वामनरावांना म्हणाला, "आता बॅटरी जुनी झाली नं."

नवी बॅटरी घातली. तीही मोमिनपुऱ्याच्या वळणावर उतरली. आता बॅटरी जुनी नव्हती, मग जुनं काय उरलं? मी. मिस्त्री म्हणाला, बाईंचा पाय क्लचवरच राहतो. आता क्लचचा आणि बॅटरीचा संबंध काय, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पण वामनरावांनी ते घरी येऊन सांगितलं, शेजारी सांगितलं, कचेरीत सांगितलं. कचेरीत त्यांचे वरिष्ठ होते मुकुंदराव. महाल भागात राहणारे, शांत बोलणारे, नीट भांग पाडणारे मोठे बाबू. त्यांना जुनी फियाट घ्यायची होती. वामनरावांच्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावरून पुढं जायचा होता. यातलं कशाला काय जोडायचं ते वाचणाऱ्यानं जोडावं.

एका संध्याकाळी दोघं घरी आले. मुकुंदराव म्हणाले, "वहिनी, जबरदस्ती नाही. पण जिवाला घोर कशाला? रस्त्यात बाईमाणसानं असं अडकून पडणं बरं दिसत नाही."

"घोर मला नाही," मी म्हटलं. "मिस्त्रीला दोष सापडत नाही, एवढंच."

"दोष गाडीत नाहीच आहे, वहिनी," वामनराव बोलले. "मिस्त्री खोटं काहून बोलेल?"

त्या दिवशी मीही हिशेब केला. बॅटरी नवी, अल्टरनेटर नवा, लाल दिवा लागत नाही, म्हणजे चार्जिंग ठीक. मग उरते कोण? मलाही वाटायला लागलं होतं की आपल्याच पायात काहीतरी आहे. गिअर टाकताना मी पायाकडे बघायला लागले होते. त्यांनी मला इथवर आणून सोडलं होतं. मी म्हटलं, "ठीक. आणखी एकदा माझ्या हातून बंद पडली तर देऊन टाकू. जबान देते."

आमच्या घरात जबान म्हणजे जबान. रुपरावांनी कुणाला दिलेला शब्द मागे घेतल्याचं मला आठवत नाही. वामनरावांना ते माहीत होतं. त्यांचा चेहरा एकदम हलका झाला.

उन्हाळ्यात एका दुपारी कोराडी रोडनं मी खापरखेड्याला निघाले. सकाळभर इतवारीत चढउतार झाली होती. पुढे कोळशाचे ट्रक रांगत होते, त्यांच्या मागे मीही रांगत होते. कॉलनीत प्रयागबाई मजुरांची खानावळ चालवते. दणकट बाई, तोंडानं फाटकी, मापाला पक्की. तिच्या दारात डबे उतरवले आणि किल्ली फिरवली.

कट्.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. रडले नाही. रडायला ताकद शिल्लक लागते, ती नव्हती.

प्रयागबाई फडक्याला हात पुसत आली आणि दार उघडून माझ्या शेजारी बसली. "काय झालं वं? मेली का?"

"मेली. आता विकावी लागते. जबान दिली आहे मी."

"कोणाले?"

"दिराला."

"दिराले जबान देते, मंग मले काहून सांगते?" ती म्हणाली. मग किल्लीकडे बोट दाखवून, "फिरव बरं आणखी एकदा."

मी फिरवली. कट्. प्रयागबाईचं लक्ष आवाजाकडे नव्हतं, पाटीकडे होतं. "ह्या पाटीले दोन डोये आहेत. एकच उघडते काहून?"

"तो उघडला तो तेलाचा दिवा. दुसरा चार्जिंगचा. तो बिघाड झाला तरच लागतो."

"मंग आता बिघाड नाही झाला का? गाडी काय झोपली आहे?"

मी तिच्याकडे बघत राहिले. मग पाटीकडे. रुपरावांच्या वेळी किल्ली फिरवली की दोन्ही दिवे लागायचे आणि इंजिन घुरघुरलं की दोन्ही विझायचे. रोज बघितलेलं. इतके दिवस हे मला आठवलं नाही, कारण मिस्त्रीनं सांगितलं होतं की दिवा नाही म्हणजे सगळं ठीक. जो दिवा किल्लीवर लागत नाही तो बिघाड झाल्यावर कुठून लागणार? आंधळ्याला राखणीला बसवायचं आणि तो ओरडला नाही म्हणून चोर आला नाही समजायचं!

मी पाटीखाली हात घातला. धूळ, वायरी, आणखी वायरी. मग एक लोंबतं होल्डर हाताला लागलं. त्याला काळी चिकटपट्टी नीट गुंडाळली होती. नीट, अगदी प्रेमानं. पट्टी सोडवली. आत बल्ब नव्हता. जळालेला नव्हता, फुटलेला नव्हता. काढलेला होता.

"काय निघालं वं?" प्रयागबाईनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "काही नाही तेच निघालं."

कॉलनीतल्या एका जीपवाल्यानं त्याच्या बॅटरीला वायर जोडून गाडी चालू करून दिली. तोवर अंधार पडला होता. परत येताना मोकळ्या रस्त्यावर ट्रक ओलांडायला मी जोरात पळवली तर मंद पडलेले समोरचे दिवे एकदम पांढरे झाले. मग हळू चालवली तरी पांढरेच राहिले. घरी येऊन इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं, तर पुन्हा पिवळे, मेणचट. म्हणजे हळू चालवण्याचा दोष नव्हता. चार्जिंग एकदा जागी झाली की चालत होती, पण दर वेळी तिला कुणीतरी जागं करायला लागत होतं. का, ते मला कळेना. पण मला माझा दिवा पाहिजे होता. माझ्या गाडीतला माझा दिवा.

दुसऱ्या दिवशी सीताबर्डीला पार्टवाल्याकडे गेले. "पाटीतला छोटा बल्ब द्या. फियाटचा."

"कौन सा मॉडल, बहनजी? भाईसाब को भेज दो ना, उनको मालूम होगा."

"भाईसाब को बल्ब और बैंगन में फर्क नहीं मालूम," मी म्हटलं. "निकालो."

बल्ब बसवला. किल्ली फिरवली. दोन्ही डोळे उघडले. इंजिन चालू केलं, पाय थोडा दाबला, लाल डोळा मिटला. त्यानंतर तो पूर्ण आठवडा मी मुद्दाम इतवारीत रांगत फिरले, दर दुकानाला गाडी बंद केली, पुन्हा चालू केली. एकदाही कट् वाजलं नाही.

पण खापरखेड्याची बातमी वामनरावांपर्यंत माझ्या आधीच पोचली होती. रविवारी सकाळी ते आले. बरोबर मुकुंदराव, त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा. आणि गाडी तपासून हमी द्यायला चंपत मिस्त्री.

"वहिनी, जबान दिली होती तुम्ही," वामनराव म्हणाले.

"दिली होती. आधी गाडी बघा. गाळ्यात उभी आहे."

गाळ्यात अंधार असतो, कुटलेल्या तिखटाला ऊन चालत नाही. गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी बसले. दिवे लावले, इंजिन चालू केलं, पाय थोडा दाबला. भिंतीवरचा उजेड पिवळ्याचा पांढरा झाला.

"मस्त चार्जिंग आहे," मिस्त्री वामनरावांना म्हणाला. "पाहा, मी म्हटलं नव्हतं, गाडीत दोष नाही?"

मी इंजिन बंद केलं, पाटीखाली हात घालून बल्ब काढला, तळहातावर ठेवून तिघांना दाखवला आणि पुन्हा गाडी चालू केली. तेवढाच पाय दाबला. भिंतीवरचा उजेड पिवळाच राहिला. पुन्हा दाबला. पिवळाच.

मिस्त्री पुढे आला. अल्टरनेटरवर वाकला, वायरीचा हातानं माग काढत पाटीपर्यंत आला. मसाल्यानं की कशानं, शिंकला. मग त्यानं कपाळाला हात लावला.

"अबे हो! डायनॅमो सोताच उठते. याले उठवा लागते. याले पहिला करंट ह्या दिव्यातूनच भेटते." तो हे कुणालाच उद्देशून बोलत नव्हता. वीस वर्षं डायनॅमो दुरुस्त केलेला माणूस. डायनॅमोत हा दिवा नुसता सांगणारा असतो. काढला तर फक्त सांगणारं गेलं. अल्टरनेटरमध्ये हाच दिवा त्याला जागं करतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. याचा मला राग नाही. नवं सामान होतं, चुकतं माणूस.

"काढला कोणी?" मी विचारलं.

मिस्त्रीनं वामनरावांकडे पाहिलं. पण या वेळी मान हलवायलाही वामनराव तयार नव्हते.

"सांग नं गा," मी म्हटलं. "माझ्याशी बोल. मी इथं उभी आहे."

"मी काढला, बाई. वामनभाऊ बोलले होते. म्हणे, वहिनी घाबरतात. रोज त्या दिव्यापायी डोकं खातात. काढून टाक म्हणे, त्यायच्या जिवाले शांती."

गाळ्यात इंजिन चालूच होतं. मी ते बंद केलं, म्हणजे पुढचं सगळ्यांना ऐकू जाईल.

"मी घाबरत होते? मी दिवा लागला म्हणून सांगायला येत होते! ज्याला दिसतं तो सांगतो. तुम्ही काय केलं? गाडीचा बिघाड काढला नाही, माझं सांगणं बंद केलं. आणि सांगणं बंद केल्यावर गाडी मेली, तेव्हा म्हणालात, बाईला चालवता येत नाही. अख्खा उन्हाळा मी माझ्या पायाकडे बघत गाडी चालवली. भर इतवारीत हमाल मला हसले. माझा पाय क्लचवर राहतो म्हणे! मिस्त्री, क्लचनं बॅटरी उतरते का रे?"

"नाही उतरत, बाई."

"मग काहून बोलला?"

"काहीतरी सांगा लागते नं, बाई."

"वहिनी, आम्ही तुमच्या भल्यासाठीच..." वामनराव म्हणाले.

"माझं भलं मला न विचारता तुम्ही काळ्या पट्टीत गुंडाळून ठेवलं. तेही मला बाहेर स्टुलावर बसवून."

मुकुंदराव खाकरले. ते शांत माणूस, अजूनही शांत होते. "झालं ते वाईट झालं, वहिनी. पण दोष सापडला, हे उत्तम. आता तर गाडी एकदम चोख आहे. मी ठरल्यापेक्षा थोडं वर द्यायलाही तयार आहे."

आणि वामनराव, कसं सांगू, वामनराव खुलले! "पाहा वहिनी, फायदाच झाला की नाही?"

मला त्या क्षणी जे वाटलं ते इथं लिहायला जागा नाही. मी दोष शोधला, म्हणून माझ्या गाडीला भाव आला, म्हणून ती माझ्याकडून जाणार. हा हिशेब त्या तिघांत एकालाही वाकडा दिसला नाही.

"गाडी विकायची नाही," मी म्हटलं.

"जबान दिली होती तुम्ही. मुकुंदरावांसमोर दिली होती."

"दिली होती. माझ्या हातून बंद पडली तर, असं म्हटलं होतं. माझ्या हातून नाही पडली. तुमच्या हातून पडली."

"शब्दांत पकडू नका, वहिनी. शब्द तो शब्द. दादानं असं कधी केलं नसतं."

हे ते मुद्दाम बोलले. मी किती दिवस ते ऐकायची तयारी करत होते, आणि तरी ते छातीत लागलं. रुपराव शब्दाचे पक्के होते. पण रुपरावांच्या गाडीतला दिवा कुणी त्यांना न विचारता काढला नव्हता. त्यांना कुणी स्टुलावर बसवलं नव्हतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "शब्दांत नाही पकडत. सरळ सांगते. मी जबान दिली होती, ती मी परत घेते. चारचौघांत घेते. मुकुंदराव, तुम्ही कचेरीत सांगा. भाऊजी, तुम्ही गल्लीत सांगा. गोपिकानं जबान फिरवली. हो, फिरवली. खोटं सांगून घेतलेली जबान मी ठेवत नाही."

मुकुंदरावांनी पेढ्यांचा पुडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. तो कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना. मग खिशात घातला. जाताना माझ्याकडे न बघता वामनरावांना म्हणाले, "तुम्ही तर म्हणाला होता, घरात सगळं तुमच्या शब्दावर चालतं." वामनरावांचं तोंड भिंतीवरच्या त्या उजेडासारखं पिवळं पडलं. मला त्याचं दुःख झालं नाही. थोडंसुद्धा नाही.

मिस्त्री मागे राहिला होता. अल्टरनेटरकडे बघत पायानं जमीन उकरत होता. "बाई, पट्टा अजूनही थोडा ढिला आहे. म्हणूनच तेव्हा दिवा लुकलुकत होता. ताणून देऊ का?"

"दे. पण काय करतो ते मला सांगत कर."

तो सांगत गेला. आधी अडखळत, मग जमलं त्याला. मधूनच सवयीनं दाराकडे बघायचा, तिथं कुणी पुरुष उभा आहे का म्हणून. कुणी नव्हतं. मग पुन्हा माझ्याकडे वळून सांगायचा.

वामनराव त्यानंतर दसऱ्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. बढती त्यांना मिळाली की नाही, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. गल्लीत मात्र अजून म्हणतात, ती रुपरावांची बायको, शब्दाची पक्की नाही. म्हणू देत. त्याच रविवारी दुपारी मी डबे भरले आणि खापरखेड्याला गेले.